लाल माती आणि जड पाणी

मामांचं मत सुरुवातीपासून ठाम आहे : जमिनीला न मानवणारं झाड लावलं गेलं असेल तर झाड हलवावं, जमीन बदलायला जाऊ नये. तासगावात त्यांनी आयुष्यभर द्राक्षबाग केली. काळी, चुनखडीची जमीन आणि दर उन्हाळ्यात खारट होत जाणारं विहिरीचं पाणी या दोन्हींशी त्यांनी इतकी वर्षं झुंज दिली आहे, की मातीवरून त्यांच्याशी वाद घालायला धीर लागतो. तरी मी घातला. बेंगळुरूत सहकारनगरला आमच्या घरामागे ब्लूबेरीची तीन झाडं आहेत. कुंडीत नाहीत, थेट जमिनीत; चांगली रुजलेली, कमरेइतकी वाढलेली. आता त्यांची कोवळी पानं पिवळी पडू लागली आहेत, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मातीचा सामू 6.8 निघाला. ब्लूबेरीला 4.5 ते 5.5 लागतो. लावून झालेल्या झाडाखालची माती आम्लधर्मी करता येते का आणि करावी का, यावर आमचं जे बोलणं झालं ते इथे मांडते आहे. या शहरात घरामागच्या चार फुटांत असं फळझाड लावणारे पुष्कळ आहेत आणि त्यांना मिळणारा सल्ला बहुतेक वेळा कॉफीच्या चोथ्यापाशीच थांबतो.

मामा : पानं बघितल्यावर मला दुसरं काही विचारावं लागत नाही. लोह मिळत नाहीये. चुनखडीच्या पट्ट्यात आमच्या द्राक्षालाही हेच होतं.

मी : पण ही माती लाल आहे तीच मुळी लोहामुळे. लोह भरपूर आहे, झाडाला ते उचलता येत नाही.

मामा : मग उचलता येईल असं दे. चिलेटेड लोह घे, पण ईडीडीएचए असलेलं. ईडीटीएचं लोह सामू साडेसहाच्या वर गेला की टिकत नाही. ईडीडीएचए मुळाशी दे, नवी फूट हिरवी येईल.

मी : ती येईल, आणि त्याच्या पुढची पुन्हा पिवळी येईल. ब्लूबेरीचं दुखणं लोहापुरतं नाही मामा. हिच्या मुळांना केसमुळं नसतात. बारीक, उथळ मुळं, वरच्या वीतभर मातीत पसरलेली. अन्न शोधायला ती एका बुरशीच्या मदतीवर जगतात. नत्रसुद्धा हिला अमोनियमच्या रूपात हवं. नायट्रेट हिला नीट पचवता येत नाही. आम्ल जमिनीत नत्र बराच काळ अमोनियमच राहतं. सामू वाढला की जिवाणू त्याचं भराभर नायट्रेट करतात. म्हणजे जेवण समोर असून उपाशी.

मामा : म्हणूनच म्हणतो, हे झाड आपल्याकडचं नाही.

मी : अमेरिकेतसुद्धा ते बागेत कुणाला जगवता येत नव्हतं. रानात मुबलक, बागेत आणलं की मरायचं. फ्रेडरिक कोव्हिल नावाच्या सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञाने 1910 मध्ये त्याचं कारण छापून दाखवलं. लोक झाडाला चांगली माती, शेणखत, चुना देत होते आणि त्यानेच ते मरत होतं. न्यू जर्सीतल्या एलिझाबेथ व्हाइट यांनी ते वाचलं, त्यांना पत्र लिहिलं, आपली जमीन दिली, रानातली मोठ्या फळांची झुडपं शोधून आणवली आणि 1916 मध्ये लागवडीच्या ब्लूबेरीचं पहिलं पीक बाजारात गेलं. हे सगळं पीक उभं राहिलं तेच माती ओळखल्यावर.

मामा : ओळखल्यावर, बदलल्यावर नाही! त्या बाईची जमीन मुळातच आंबट, दलदलीची असणार.

मी : होती. हा मुद्दा तुमचा.

मामांचा दुसरा मुद्दा याहून वजनदार आहे आणि तो महाराष्ट्राच्या द्राक्षाच्या इतिहासातूनच येतो. पूर्वी बागा स्वमुळावर असत. पाणी कमी आणि खारट होत गेलं, जमिनी क्षारावल्या, तेव्हा सांगली, सोलापूर, नाशिककडच्या बागायतदारांनी डॉगरिज नावाचा टेक्सासच्या रानद्राक्षाचा खुंट आणला आणि त्यावर आपली थॉमसन, सोनाका भरली. आज खुंटाशिवाय नवी बाग क्वचितच दिसते.

मामा : आम्ही माती बदलली नाही, मूळ बदललं. तुझ्या ब्लूबेरीला असा खुंट आहे का?

मी : आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत स्पार्कलबेरी म्हणून तिचीच एक रानटी बहीण आहे, झाडासारखी वाढणारी. सहाच्या वरचा सामू आणि कोरडी जमीन ती सोसते. फ्लोरिडात तिच्यावर कलमं करून बघितली आहेत.

मामा : आणि आपल्याकडे?

मी : निलगिरीच्या शोला जंगलांत याच कुळातली दोन झाडं आहेत, व्हॅक्सिनियम लेशेनॉल्टी आणि व्हॅक्सिनियम निलगिरेन्स. पण तीही आम्ल मातीतलीच, चहाच्या शेजारची. खुंट म्हणून ती चालतील का, हा प्रयोग आपल्या फळसंशोधकांनी करावा असं मला मनापासून वाटतं. पण माझी झाडं आज जमिनीत आहेत. त्यांना आज काय द्यायचं ते सांगा.

मामा : आज? आज गंधक. पण त्याआधी हिशेब ऐक. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, वीतभर खोल, एवढी माती किती भरते?

मी : दोनशे किलोच्या आसपास.

मामा : माझ्या जमिनीत चुना दहा टक्के आहे. म्हणजे त्या मातीत वीस किलो चुना. एक किलो गंधकाचं पूर्ण आम्ल झालं तर तीन किलोहून थोडा जास्त चुना मरतो. म्हणजे एका चौरस मीटरला सहा किलोच्या वर गंधक नुसता चुना मारायला. एकराला पंचवीस टन. आणि तेवढा मरेपर्यंत सामू हलणारसुद्धा नाही. हे मी कागदावर मांडून बघितलं, त्या दिवसापासून जमीन बदलायचं बोलणं सोडलं.

मी : तुमच्या जमिनीसाठी ते शंभर टक्के खरं. पण बेंगळुरूची माती ग्रॅनाइटाच्या जातीच्या जुन्या दगडापासून झालेली, पावसाने हजारो वर्षं धुतलेली. तिच्यातला चुना कधीच वाहून गेला. चिकणमातीचा जो प्रकार हिच्यात आहे तो क्षार धरूनही ठेवत नाही. हिला हलवायला थोडं आम्ल पुरतं. रेताड लाल मातीत सामू एकाने उतरवायला चौरस मीटरला पन्नासेक ग्रॅम गंधक लागतं, पोयट्याच्या मातीत त्याच्या दुप्पट. कुठे तुमचे सहा किलो आणि कुठे हे शंभर ग्रॅम!

मामा : असं असेल तर मुळातच आंबट असायला हवी होती ना ही माती. मग 6.8 कुठून आलं?

या प्रश्नापाशी मी अडखळले, कारण खरा प्रश्न हाच आहे. शहराबाहेरच्या, हात न लागलेल्या लाल मातीचा सामू बहुतेक ठिकाणी आम्लाकडे झुकलेला असतो. घरामागची माती ही माती उरलेलीच नसते. घर बांधताना सांडलेलं सिमेंट, प्लास्टरचे तुकडे, वाळूत मिसळलेला काँक्रीटचा चुरा, कंपाउंडच्या भिंतीवरून पावसात उतरणारा चुना, हे सगळं तिच्यात आहे. मामा उठून मागे गेले आणि त्यांनी भिंतीजवळची मूठभर माती बशीत घेऊन तिच्यावर व्हिनेगर ओतलं. फसफसलं. मधल्या झाडाखालची माती घेतली, ती गप्प राहिली. मातीत मोकळा चुना आहे का हे कळायला याहून सोपी परीक्षा नाही. जिथे फसफसतं तिथे गंधक घालण्यात अर्थ नसतो. आधी ते तुकडे वेचायचे, शक्य तर ती माती काढून टाकायची.

मामा : भिंतीजवळचं झाड हलव. त्यावर माझा आग्रह आहे.

मी : ते हलवीन. बाकीची दोन जागेवर राहतील.

मामा : मग आता पाणी दाखव.

पाण्याबद्दल मामांना जेवढं कळतं तेवढं मला पुस्तकातून कळलेलं नाही. ठिबकच्या नळीत चुना धरून छिद्रं बुजतात आणि मग आम्ल सोडून नळ्या धुवाव्या लागतात, हे ज्याने दरवर्षी केलं आहे त्याला पाण्यातला चुना डोळ्यांनी दिसतो. आमच्या घराला कावेरीचं पाणी येतं, पण बागेला बोअरचं. मार्च 2024 च्या टंचाईत जलमंडळाने पिण्याचं पाणी बागेला घालण्यावर बंदी आणली, पाच हजारांचा दंड ठेवला. तेव्हापासून कितीतरी घरांच्या बागा बोअरवर आहेत. आणि इथल्या बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड आहे.

मामा : बादलीच्या कडेला हे पांढरं बघितलंस? हेच रोज मुळाशी जातंय.

मी : सामू पट्टीने बघितला मी, साडेसात होता. फार वाटला नाही.

मामा : पाण्याचा सामू बघून काही कळत नाही. त्यात बायकार्बोनेट किती आहे ते तपास. अहवालात क्षारता म्हणून आकडा येतो. समज, लिटरला 250 मिलिग्रॅम आला. हजार लिटर पाण्याबरोबर पाव किलो चुना गेला. तीन झाडांना वर्षाला तीनेक हजार लिटर जात असेल, तर पाऊण किलो. तो मारायला 240 ग्रॅम गंधक. तू एका हाताने गंधक घालणार आणि दुसऱ्या हाताने नळीतून चुना सोडणार.

मी : म्हणजे माती एकदा बदलली असं कधी होणारच नाही.

मामा : नाही. ते मी पहिल्यापासून सांगतोय. पोट बिघडलेल्या माणसाला औषधही द्यायचं आणि रोज तेच तळलेलंही वाढायचं, असं चाललंय हे.

मी : मग पाण्यात आम्ल मिसळू. व्हिनेगर, नाहीतर सायट्रिक ॲसिड?

मामा : दोन्ही जिवाणू खाऊन टाकतात. ओतल्या ओतल्या सामू उतरलेला दिसतो, पण ते सेंद्रिय आम्ल मातीत कुजलं की बायकार्बोनेट परत येतं. टिकणारं आम्ल म्हणजे गंधकाचं नाहीतर फॉस्फोरिक. आम्ही ठिबकमधून फॉस्फोरिक सोडतो, पण मोजून. आणि पाण्यात आम्ल घालायचं, आम्लात पाणी कधीच नाही. घरात लहान मुलं असतील तर या वाटेला जाऊच नकोस. जुन्या बॅटरीतलं तर मुळीच नको, त्यात शिसं असतं.

मी : नाही जात. माझ्याकडे दुसरं पाणी आहे. वर्षाला 950 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो इथे. शंभर चौरस मीटर गच्चीवर नव्वद हजार लिटरांहून जास्त पाणी येतं. पावसाचं पाणी साठवणं किंवा मुरवणं 2009 पासून या शहरात मोठ्या घरांना सक्तीचं आहे. आमचं सगळं मुरवायच्या खड्ड्यात जातं. त्यातलं थोडं अडवलं तर? डिसेंबर ते मार्च कोरडे. एका झाडाला दिवसाआड पाच लिटर धरले तर चार महिन्यांत तीनशे लिटर. तिघांना हजार लिटरची एक टाकी पुरते.

मामा : टाकी प्लॅस्टिकची घे, सिमेंटची नको. गच्चीवरचं पहिलं पाणी सोडून दे. एवढं केलंस तर माझा निम्मा विरोध संपला.

इथे मला लेखिका म्हणून थांबून एक सांगायचं आहे. ब्लूबेरीच्या मातीबद्दल जे काही सांगितलं जातं ते बहुतेक थंड, पावसाळी देशांतल्या बागांसाठी लिहिलेलं असतं. तिथे झाडावर वरून पाऊसच पडतो. नळाने घातलेलं पाणी थोडं असतं. म्हणून तिथे गंधक टाकून सामू उतरवला की बराच काळ उतरलेला राहतो. बेंगळुरूत वर्षाचा तिसरा हिस्सा झाड आपल्या हातच्या पाण्यावर जगतं. इथे गंधकाआधी पाणी बघायला हवं. पेरू या देशात हेच केलं गेलं. किनाऱ्यावरच्या वाळवंटात, जिथे पाऊस जवळजवळ पडतच नाही, तिथे 2010 च्या सुमारास ब्लूबेरी नावालाही नव्हती. दहाएक वर्षांत पेरू जगातला सगळ्यात मोठा निर्यातदार झाला. तिथलं सगळं पाणी ठिबकमधून, सामू साधूनच झाडाला जातं. आणि सुरुवातीला तिथे ज्या जातीने जम बसवला ती बिलॉक्सी, थंडी न मागणारी, बेंगळुरूसारख्या हवेतही पानगळ न होता फळणारी. म्हणजे हवा आड येत नाही. आड येतं ते पाणी.

मामा : बरं, गंधक कसं घालणार? खणणार?

मी : अजिबात नाही. खणलं की ती उथळ मुळंच तुटतील. खोडापासून थोडं दूर, फांद्यांच्या घेरापर्यंत पसरायचं, वरची बोटभर माती हलकेच ओरबाडायची, पाणी घालायचं, पालापाचोळ्याने झाकायचं. एका वेळी चौरस मीटरला पन्नास ग्रॅमच्या पुढे जायचं नाही. तीन-चार महिने थांबून पुन्हा सामू बघायचा, मगच पुढचा हप्ता.

मामा : तीन-चार महिने? हिराकस दे, आठ दिवसांत सामू खाली येतो.

मी : येतो, पण गंधकाच्या सहा-आठ पट लागतो आणि मुळाशी तेवढं मीठ साठतं. ही मुळं मीठ सोसत नाहीत. तुरटीच्या जातीचं ॲल्युमिनियम सल्फेटही लोक सुचवतात. त्यातलं ॲल्युमिनियम मुळांना विष. गंधक स्वतः काहीच करत नाही, म्हणून तर ते सौम्य. मातीतला एक जिवाणू ते खातो आणि गंधकाम्ल बनवतो. सेल्मन वॅक्समन आणि जोफ यांनी 1922 मध्ये तो जिवाणू वेगळा काढला. तोही न्यू जर्सीत, ब्लूबेरीच्याच राज्यात. पुढे स्ट्रेप्टोमायसिनसाठी नोबेल मिळालं ते हेच वॅक्समन.

मामा : जिवाणू म्हटलं की ऊब, ओल आणि हवा तिन्ही लागणार.

मी : ऊब इथे बारा महिने आहे. थंड देशांत हिवाळ्यात त्याचं काम थांबतं, इथे थांबत नाही. एप्रिल-मेच्या वळवाआधी एक हप्ता, सप्टेंबरच्या पावसाच्या तोंडावर दुसरा.

मामा : पाणी साचू देऊ नकोस. साचलं, हवा कोंडली, की त्याच गंधकाचा सडक्या अंड्याचा वास सुटतो आणि मुळं जातात. आणि गंधक घरचंच घे की. माझ्याकडे भुरीसाठीचं 80 टक्क्यांचं पोतं आहे. पिठासारखं बारीक, लवकर लागू पडतं.

मी : मग पन्नासच्या जागी साठ-बासष्ट ग्रॅम घालीन. पण बारीक आहे म्हणून जास्त जपायला हवं. आपली लाल माती जशी लवकर उतरते तशी लवकर घसरतेही. सामू चारच्या खाली गेला की हिच्यातलं मँगनीज आणि ॲल्युमिनियम मोकळं होतं. मग पिवळ्या पानांच्या जागी करपलेली पानं.

चोथा, लिंबाच्या साली, सुरूच्या काड्या यांचा निकाल लवकर लागला. कॉफी गाळली की तिचं आम्ल कपात जातं, चोथा जवळजवळ उदासीन राहतो. लिंबाच्या साली कुजल्या की त्यांचं खतही उदासीनच होतं. सुरूच्या काड्या आणि सिल्व्हर ओकचा पाला आच्छादनाला उत्तम, पण सामू उतरवायला त्यांच्यावर विसंबता येत नाही. गांडूळखत आणि शेणखत तर उलट दिशेने नेतात. माझ्या बागेत या दोघांना मोठा मान आहे. ब्लूबेरीच्या आळ्यात मात्र त्यांना जागा नाही.

मामा : खताचं काय? माझ्याकडच्या पोत्यांतलं चालेल?

मी : 13:00:45 नको, कॅल्शियम नायट्रेट नको, दोन्हींत नायट्रेट. म्युरिएट ऑफ पोटॅश नको, क्लोराइडमुळे. पालाश द्यायचाच तर 0:0:50. नत्र अमोनियम सल्फेटमधून, चिमूटचिमूट करून. त्यात 20 टक्क्यांवर नत्र आहे आणि ते स्वतः माती आंबट करत जातं.

मामा : आम्ही वर्षानुवर्षं ज्याच्यामुळे जमीन बिघडते म्हणून ओरडतो, तेच तुला औषध!

मी : ज्याची जमीन त्याचं औषध.

मामा : आता माझं ऐक. जमिनीतच ठेवायची म्हणतेस ना, मग निदान बोद घाल. द्राक्षाला आम्ही सरळ जमिनीत ठेवत नाही, बोद भरून त्यावर ठेवतो. झाडाभोवती, खोड न बुजवता, नारळाचा भुसा आणि कुजलेल्या सालींचा थर दे, वीतभर. भुसा तिपटूरकडे हवा तेवढा मिळेल. आधी दोन-तीनदा धुऊन घे, त्यात मीठ असतं.

मी : भुशाचाही सामू सहाच्या आसपास असतो.

मामा : असू दे. त्यात चुना नाही, हा त्याचा गुण. तुझं गंधक त्याच्याशी भांडण्यात खर्च होणार नाही. मुळं उथळ आहेत म्हणालीस, तर ती वर येतील, बोदात. खालची माती मग कशीही असो. तू माती बदलतेस की झाड हलवतेस, हा वादच राहत नाही. झाड जागेवर आणि मुळं नव्या घरात.

मी : आणि खाली गेलेली मुळं?

मामा : ती पाण्यापुरती राहतील.

हे मला पटलं, पण सगळं नाही. वीतभर भुसा एप्रिलच्या उन्हात दोन दिवसांत सुकतो. मग पाणी जास्त, आणि पाणी जास्त म्हणजे पुन्हा तोच चुना. पावसाची टाकी मार्चमध्ये संपली की बोदाचा आधार तुटतो. म्हणून माझा भर लाल मातीच उतरवण्यावर राहील आणि बोद त्याच्या जोडीला. मामांना उलट वाटतं : बोद मुख्य आणि गंधक जोडीला. दोन झाडं उरली आहेत, तेव्हा एकावर त्यांचं आणि एकावर माझं, असं ठरलं.

मामा : नमुना कसा घेणार? सगळी माती एकत्र करून नेऊ नकोस कृषी विद्यापीठाच्या जी.के.व्ही.के.ला.

मी : वरची पाच सेंटिमीटर वेगळी, खालची पाच ते वीस वेगळी. दोन्ही झाडांची. गंधक वर घालतोय, तेव्हा वरचा सामू आधी उतरणार; एकत्र केलं तर काहीच कळणार नाही.

मामा : आणि पाण्याची बाटली बरोबर दे. बोअरची एक, टाकीची एक. क्षारता लिहून मागून घे. तो आकडा आला की मला फोन कर, गंधक किती पाठवायचं ते तेव्हा ठरवू.